१०८ ला फोन करताना काय सांगायचं

'१०८ च्या अ‍ॅम्ब्युलन्सची वाट बघण्यापेक्षा पेशंटला आपल्याच गाडीत घालून न्या' असा सल्ला दिला जातो, तो हात मोडला असेल तर ठीक. यांना (हार्टपेशंट) मध्यरात्री धाप लागली, आडवं होता येईना, तेव्हा मी १०८ च लावला. महाराष्ट्रात त्या गाडीसोबत डॉक्टर येतो, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. आलेल्या डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला आणि खुर्चीत बसवूनच जिना उतरवला, झोपवलं नाही.

२०१४ ला सेवा सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्यांत २३३ च अ‍ॅडव्हान्स्ड (व्हेंटिलेटरसारखी जास्त उपकरणं असलेल्या) होत्या, बाकी बेसिक. म्हणून फोनवर नुसतं 'सीरियस आहे' म्हणू नका. श्वास, छातीतलं दुखणं, शुद्ध आहे का, हे आधी सांगा, म्हणजे कुठली गाडी पाठवायची ते त्यांना कळेल. पत्ता ते विचारतातच. आणि आधी अ‍ॅडमिट केलं असेल तर तेव्हाचं डिस्चार्ज कार्ड हाताशी ठेवा, पहिलं तेच मागतात.