खोंडाला वरचे पुढचे दात नाहीत, व्यंग आहे का?

गोठेकर: आदत (अजून सगळे दुधाचेच दात असलेला) खोंड बघितलाय. वरच्या जबड्यात पुढे एकही दात नाही. घ्यावा का? आणि दातांवरून वय कसं धरायचं?

जबडाशास्त्री: बिनधास्त घ्या. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, सगळ्यांचं असंच. गर्भात वरच्या दातांचे कोंब धरू लागतात, पण लवकरच विरतात. तिथे टणक गादी होते. गाईबैलांनी गवत जिभेनं ओढून खालच्या दातांनी त्या गादीवर दाबून तोडायचं. खाली पुढे आठ दात. त्यातली कडेची जोडी मुळात सुळ्यांची, पटाशीच्या दातांसारखी झालेली!
मधली जोडी साधारण दोन वर्षांनी बदलते, म्हणजे दुसा (दोन कायमचे दात). अडीच-तीनला चौसा (चार दात), मग सहादाती, चार-साडेचारला जुळतो, म्हणजे आठही कायमचे येतात. देशी जनावरं बरेचदा उशिरा.

रवंथ: मोजताना दुधाचे दात धरू नका. ते बारीक, पांढरेशुभ्र. कायमचा दात रुंद फावड्यासारखा, किंचित पिवळट. जुळल्यानंतर झिजेवरून सांगितलेलं वय अंदाजच. चाऱ्यात माती असली की दात लवकर झिजतात आणि जनावर म्हातारं वाटतं.

गोठेकर: मग दाढाही झिजत असतील?

जबडाशास्त्री: झिजतातच, पण त्या उंच असतात, झिजतील तशा हिरडीतून वर सरकतात. दाताचं कवच म्हणजे दंतवल्क कठीण, आतलं दंतिन मऊ, त्यामुळे झिजतानाच धारदार कंगोरे उरतात.