म्हो, सीमेन्स आणि ‘वाहकता’

शब्दवेडी:
माती-पाणी परीक्षणावरच्या एका पुस्तिकेचं भाषांतर करते आहे. जुन्या आवृत्तीत, वीज किती सहज वाहते ते सांगणाऱ्या तक्त्याच्या डोक्यावर, ‘मिलिम्हो प्रति सेंटिमीटर’ आहे, नव्यात ‘डेसिसीमेन्स प्रति मीटर’. आकडे मात्र जसेच्या तसे. छपाईची चूक समजून मी आकडे बदलायलाच घेतले होते. त्यात आणखी एक अडलं. कंडक्टन्स आणि कंडक्टिव्हिटी दोन्ही येतात आणि मी दोन्हींना ‘वाहकता’ लिहून बसले आहे. वेगळे शब्द कोणते वापरावेत?

तारजोड:
आकड्यांना हात लावू नका, बरोबर आहेत. म्हो म्हणजेच सीमेन्स. नाव बदललं, माप तेच. मिलि म्हणजे हजारावा भाग, आणि एका मीटरमध्ये १०० सेंटिमीटर. हजाराव्या भागाची शंभरपट म्हणजे दहावा भाग, तोच डेसि. ओहम हे रोधाचं, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं एकक; त्याच्याशी नातं व्यस्ताचं: १०० ओहम रोध असेल तर ०.०१ सीमेन्स.

रुधधातू:
शब्दाचं उत्तर ‘रोध’मध्येच आहे. वस्तूचा तो रोध, पदार्थाची ती रोधकता. तितक्याच जाडीची दुप्पट लांब तार घेतली की रोध दुप्पट होतो, तांब्याची रोधकता तीच राहते. त्याच चालीवर कंडक्टन्सला वस्तूचं ‘वहन’ आणि कंडक्टिव्हिटीला पदार्थाची ‘वाहकता’ म्हणा. ‘रुध्’वरून विरोध, अवरोध, निरोध, ‘वह्’वरून प्रवाह, वाहन, अगदी विवाहसुद्धा. जोडी कशी छान जमते!

तारजोड:
जमते, पण ‘वहन’ म्हणजे वाहण्याची क्रिया. ‘या तारेचं वहन ०.०१ सीमेन्स’ हे मला तरी खटकतं. आम्ही सरळ कंडक्टन्स म्हणतो आणि कुणाचं काही अडत नाही.

रुधधातू:
बोलताना अडत नाही, लिहिताना अडतं. शब्द वापरलाच नाही तर तो रुळणार कसा? ‘रोध’ही कुणीतरी पहिल्यांदा लिहिलाच असेल ना.

शब्दवेडी:
‘संवाहकता’ कशी वाटते?

जुनी वही:
मूळ प्रश्न बाजूला ठेवून सांगतो, ‘म्हो’ जाऊ देऊ नका. १८८३ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी ओहमची रोमन अक्षरं उलट्या क्रमाने लावून तो सुचवला. ओहमचं चिन्ह ओमेगा, तर याचं चिन्हही उलटा ओमेगा. विद्यार्थ्याला व्यस्ताचं नातं नावातच दिसायचं. आणि म्हण, म्हैस, म्हातारा म्हणणाऱ्या आपल्या जिभेला ‘म्हो’ किती सहज येतो! इंग्रजी बोलणारे त्याचा नुसता ‘मो’ करतात. १९७१ च्या वजनमापांच्या परिषदेने सीमेन्स स्वीकारलं आणि ही खूण पुसली गेली.

काटेकोर:
मग ‘ओहम’ की ‘ओम’ हेही ठरवा. गेओर्ग ओम जर्मन, त्या आडनावातला ‘ह’ उच्चारात नाही. हिंदीत ‘ओम’ लिहितात, तेच योग्य.

जुनी वही:
‘ओम’ उलटा केला तर ‘मओ’ होतो, म्हो नाही! ओ-ह-म असं लिहिलं तरच देवनागरीतही म-ह-ओ मिळतो. आपल्या पाठ्यपुस्तकांतला ‘ओहम’च बरा.

काटेकोर:
शब्द उलटा वाचता यावा म्हणून मूळ नाव बिघडवायचं? मला नाही पटत. आणि जर्मन संशोधक-उद्योजक व्हेर्नर सीमेन्स यांचं नाव उगाच आलेलं नाही. १८६० मध्ये त्यांनी रोधाचं एकक सुचवलं होतं: एक मीटर लांब, एक चौरस मिलिमीटर छेदाचा, शून्य अंशावरचा पाऱ्याचा स्तंभ. आजच्या ओहमच्या जवळपास ०.९५ पट.

तारजोड:
म्हणजे एकक सुचवलं रोधाचं आणि नाव लागलं वहनाच्या एककाला. पाहा, मीही ‘वहन’ लिहून गेलो! पण या एककाचा खरा उपयोग समांतर जोडणीत दिसतो. २० आणि ५ ओहमचे रोध समांतर लावले, तर ०.०५ आणि ०.२ सीमेन्सची सरळ बेरीज ०.२५, म्हणजे ४ ओहम.

रुधधातू:
लिहून गेलात ना? शब्द असाच रुळतो.

शब्दवेडी:
तक्त्यातले आकडे तसेच ठेवले आहेत. सध्या ‘वहन’ पेन्सिलीने लिहिलं आहे, शेजारी ‘संवाहकता’ही आहे. एकच विचारते: सीमेन्सचं लघुरूप ‘सी’ करावं का? तापमानाच्या रकान्यात सेल्सिअससाठी तेच आहे.

काटेकोर:
मुळीच नको. रोमनमध्ये मोठा एस सीमेन्सचा, छोटा सेकंदाचा. आपल्या लिपीत तशी सोय नाही. पूर्ण लिहा. आणि शेवटचा ‘स’ आडनावाचाच आहे, तेव्हा एकाला ‘सीमेन’ करू नका.

जुनी वही:
‘म्हो’ला लघुरूपाची गरजच पडली नसती.