मदत हवी आहे : सर्व्हरच्या डिस्कचे तुकडे (पार्टिशन) कसे पाडू?

नमस्कार मंडळी,

बेळगावात उद्यमबागेत आमचं मशीन शॉप आहे. ड्रॉइंग आणि सीएनसीचे प्रोग्राम एका डेबियन लिनक्स सर्व्हरवर, सांबा या फाइल-शेअरिंग प्रोग्रामनं शेअर केलेले. तो बसवताना 'सगळ्या फायली एकाच पार्टिशनमध्ये' हा पर्याय निवडून मी मोकळा झालो होतो.

गेल्या आठवड्यात रात्री लाईट गेली, यूपीएसनंही मान टाकली. सकाळी येऊन बॅकअपची यूएसबी डिस्क माउंट करतोय (फोल्डरला जोडतोय) तोवर ऑपरेटर दारात : "सेव्ह आगवल्दु री!" (सेव्ह होईना हो!) डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) म्हणतं १०० टक्के, डीयूनं (फायलींचा आकार मोजणारी कमांड) मोजावं तर निम्मंही भरत नाही. तासभर डोकं खाजवलं. लाईट आल्यावर ती यूएसबी डिस्क माउंटच झाली नव्हती. रात्री बॅकअपची नक्कल करणाऱ्या आरसिंकनं, ती डिस्क जिथं जोडतो तो /एमएनटी/बॅकअप हा रिकामा फोल्डर धरला आणि सगळी नक्कल मूळ डिस्कवरच ओतली. सकाळी मी डिस्क माउंट केली तसा तो ढीग तिच्याखाली झाकला गेला!

आता नवी १ टीबी एसएसडी आणलीय. रॅम १६ जीबी, डेटा १८० जीबी. बेत असा : ईएफआय (बूटसाठी) ५१२ एमबी, रूट (मूळ सिस्टिम) ४० जीबी, /व्हार (लॉग म्हणजे नोंदींच्या फायली वगैरे) ३० जीबी, स्वॅप (रॅम कमी पडली तर) ८ जीबी, उरलेलं सगळं /एसआरव्हीला (आमचा डेटा). /व्हार वेगळं काढू का? आणि अंदाज चुकला तर परत सगळं पुसायचं?

प्रतिसाद (निपाणीहून) :
दादा, आकडे ठीक आहेत, पण उरलेलं सगळं देऊन टाकू नका. एलव्हीएम (तुकड्यांचे आकार नंतर बदलू देणारी सोय) घ्या, /एसआरव्हीला सध्या ३०० जीबी द्या, बाकी मोकळं राहू दे. ईएक्सटी४ ही फाइलसिस्टिम चालू असतानाच वाढवता येते, लहान करायची तर अनमाउंट करावी लागते. /व्हार वेगळंच बरं, लॉग तिथंच फुगतात. ईएक्सटी४ रूट युजरसाठी (अ‍ॅडमिनसाठी) ५ टक्के राखून ठेवते, म्हणजे ३०० जीबीतले १५ अडकले. डेटाच्या पार्टिशनवर ते १ टक्क्यावर आणा.

पण तुमचं दुखणं तुकडे पाडून जाणार नाही. /एमएनटी रूट पार्टिशनवरच आहे, पुढच्या वेळी ते ४० जीबी भरतील. आरसिंकच्या आधी 'माउंटपॉइंट' कमांडनं डिस्क जोडलीय का याची तपासणी घाला, डिस्क नसेल तर स्क्रिप्ट तिथंच थांबू दे.

धागाकर्ता :
घातली की. डिस्क मुद्दाम अनमाउंट करून चालवली, थांबली. रविवारी शॉप बंद असतं, तेव्हा एलव्हीएमला हात घालतो.