मदत हवी आहे: हृदयाच्या संशोधनाला देणगी कुठे द्यावी?

रेवा_के
नमस्कार. धाकट्या भावाच्या नावाने हृदयावरच्या संशोधनाला देणगी द्यायची आहे. शनिवारी मंडळात गाण्याचा कार्यक्रम आहे, तिथे जमेल ती सगळी रक्कम यासाठीच. पत्रक उद्या छापायला जातंय, म्हणून संस्थेचं नाव आजच ठरायला हवं. पैसे संशोधनालाच जावेत, जाहिरातीत नकोत. माहितगारांनी लवकर सांगा प्लीज.

माधव_ठाणे
कुठल्या देशात? किती रक्कम? भावाला नेमकं काय झालं होतं? ब्लॉकेजपासून झडपांपर्यंत सगळंच हृदयाचं संशोधन.

रेवा_के
इंग्लंड, लेस्टर. रक्कम आत्ताच कशी सांगू, कार्यक्रम व्हायचाय. रात्री जेवून झोपला तो सकाळी उठलाच नाही.

अपर्णा_बी
फार वाईट वाटलं, रेवा. लेस्टर म्हणजे ब्रिटिश हार्ट फाउंडेशन, दुसरा विचारच नको. १९६१ पासून काम चालू आहे, ठोक्यांच्या विकारांवरही. तुमच्याच गावचे प्राध्यापक निलेश सामानी २०१६ पासून काही वर्षं त्यांचे वैद्यकीय संचालक होते. मी दर वर्षी घरातले जुने कपडे त्यांच्या दुकानात देते.

माधव_ठाणे
दुकानांमुळेच गोंधळ होतो. हिशेबात दुकानं चालवायचा खर्चही येतो, म्हणून नुसत्या एकूण आकड्यावरून मत बनवू नका. चॅरिटी कमिशनच्या (तिथल्या धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या) साइटवर वार्षिक हिशेब असतात, त्यात संशोधनाची रक्कम वेगळी बघा. आणि देणगी देताना 'फक्त संशोधनासाठी' असं लेखी कळवा. संस्थेने त्या अटीवर पैसे घेतले की ते दुसरीकडे वापरता येत नाहीत.

घाटावरचा
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. साहेबाच्या प्रयोगशाळेला काय कमी आहे? खारघरच्या सत्य साई संजीवनी रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया मोफत होतात. तिथे द्या, एक पोर वाचेल. शिवाय ८०जी खाली करात सूट.

अपर्णा_बी
८०जी भारतात कर भरणाऱ्याला! ती लेस्टरला आहे. आणि संशोधन झालं नसतं तर या शस्त्रक्रिया आल्या कुठून?

माधव_ठाणे
भारतात पाठवायचेच असतील तर पासपोर्ट कुठला ते बघा. भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवले तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. ब्रिटिश नागरिकत्व घेतलं असेल, किंवा पैसे मंडळाचे असतील, तर घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी लागते.

डोंबिवलीच्या_काकू
अगं, अर्जुनसालीचा काढा सुरू कर घरात सगळ्यांना. आमच्या ह्यांना फार गुण आला.

निवृत्त_पॅथॉलॉजिस्ट
काकू, कुणाच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढे नकोत. रेवाताई, शवविच्छेदनात काय आलं?

रेवा_के
काहीच नाही. हृदय नॉर्मल, बाकी सगळं नॉर्मल. फक्त ३१ वर्षांचा होता. देणगीचं सांगा ना.

निवृत्त_पॅथॉलॉजिस्ट
तेच सांगतो. तपासणीत काहीच सापडत नाही तेव्हा अनेकदा दोष हृदयाचे ठोके चालवणाऱ्या विजेत असतो. पेशींच्या पडद्यातून सोडियम-पोटॅशियमची ये-जा बिघडते, आणि हे मृत्यूनंतर सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. लाँग क्यूटी, ब्रुगाडा ही अशाच आजारांची नावं. ब्रुगाडाचं वर्णन ब्रुगाडा बंधूंनी १९९२ मध्ये केलं, त्यांच्यावरूनच ते नाव पडलं.

याच कामासाठी कार्डिॲक रिस्क इन द यंग ही संस्था आहे, १९९५ ची. अशी हृदयं तपासणारी प्रयोगशाळा ते लंडनच्या सेंट जॉर्जेसमध्ये चालवतात, संशोधन करणाऱ्या डॉक्टरांना पैसे देतात, १४ ते ३५ वयाच्या तरुणांचे ईसीजी काढतात. बहुतेक पैसा असा माणूस गमावलेल्या घरांमधूनच येतो. मी असतो तर यांनाच दिले असते.

पण त्याआधी, घरातल्यांची तपासणी झाली का?

रेवा_के
माझा ईसीजी झाला, नॉर्मल आला. आई नाशिकला असते, तिचा नाही झाला.

निवृत्त_पॅथॉलॉजिस्ट
एक नॉर्मल ईसीजी पुरेसा नाही. ब्रुगाडाची खूण कधी दिसते, कधी लपते, काही वेळा औषध टोचून बाहेर काढावी लागते. जीपीकडून (तिथल्या फॅमिली डॉक्टरकडून) वंशागत हृदयविकारांच्या क्लिनिकची चिठ्ठी मागा, भावाचा रिपोर्ट सोबत न्या. आईलाही ठोक्यांच्या तज्ज्ञाला दाखवा, नुसत्या ब्लॉकेजवाल्याला नाही. तोवर ताप आला तर अंगावर काढू नका, आणि कुठलीही नवी गोळी घेताना भावाचं आधी सांगा. काही साधी अँटिबायोटिक्ससुद्धा लाँग क्यूटीत धोक्याची असतात.

माधव_ठाणे
आणि शनिवारी गिफ्ट एडची पाकिटं ठेवा. ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्याने नाव, पत्ता लिहून सही केली की १ पौंडावर सरकारकडून २५ पेन्स वर मिळतात. मंडळाने गोळा करून एकाच्या नावावर भरले तर चालत नाही. तिकिटाच्या पैशांवर सहसा मिळत नाही, पेटीत वेगळे टाकलेल्यांवर मिळतं.

रेवा_के
पत्रकात कार्डिॲक रिस्क इन द यंगचं नाव घातलं, पाकिटं मागवते. जीपीला सकाळी फोन लावते. आईला गेल्या पावसाळ्यात तापात चक्कर आली होती, आम्ही अशक्तपणा समजलो. नाशिकमध्ये ठोक्यांचा तज्ज्ञ कुणाला माहीत आहे का?

घाटावरचा
मी नाशिकचाच. व्यनि (खाजगी निरोप) केलाय, बघा. आईंना न्यायला कुणी नसेल तर मी येईन.