बंदूक ठेवून खुर्ची धरली, एवढंच?

'मॅकगिनेसने बंदूक ठेवून खुर्ची धरली, बाकी काही नाही,' असं उत्तर आयर्लंडच्या या नेत्याबद्दल काही जण म्हणतात. इतकं सरळ नाही ते.

मार्टिन मॅकगिनेस उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहराच्या बॉगसाइड वस्तीतला, खाटकाच्या दुकानात कामाला होता. ३० जानेवारी १९७२ ला ब्रिटिश पॅराट्रूपर्सनी मोर्च्यावर गोळ्या झाडल्या, तेव्हा हा एकविशीतला पोरगा ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेचा डेरीतला दुसऱ्या क्रमांकाचा म्होरक्या होता. त्याच जुलैत ब्रिटिश मंत्री विल्यम व्हाइटलॉशी गुप्त बोलणी करायला त्याला लंडनला नेलं. म्हणजे चर्चेचं टेबल त्याने म्हातारपणी पाहिलं असं नव्हे!

मला स्वतःला त्याचं पुढचं, उत्तर आयर्लंडमधलं शिक्षणमंत्रीपद जास्त रोचक वाटतं. अकराव्या वर्षी मुलांची चाळणी लावणाऱ्या 'इलेव्हन प्लस' परीक्षेत तो नापास झाला होता. मंत्री झाल्यावर त्याने तीच सरकारी परीक्षा बंद करायचा निर्णय घेतला. खासगी चाचण्या पुढे चालूच राहिल्या, तो भाग वेगळा.

२००७ मध्ये तो इयन पेझली या कट्टर ब्रिटनवादी नेत्यासोबत, म्हणजे जुन्या विरोधकासोबत, सत्तेत बसला. त्याआधी दोघं एकमेकांशी शब्दही बोलले नव्हते म्हणे. २०१२ ला ब्रिटनच्या राणी एलिझाबेथशी हस्तांदोलन केलं. आयआरएने १९७९ मध्ये बोटीत स्फोट घडवून मारलेले माउंटबॅटन, हो, आपले शेवटचे व्हाइसरॉय, राणीच्या नात्यातले. त्यामुळे कसोटी तिचीही होती.

पण १९७४ मध्येच आपण आयआरए सोडली, हा त्याचा दावा मात्र मला अजिबात पटत नाही. अनेक इतिहासकारांनाही पटलेला नाही.