जहाजावरच्या फॉर्मल रात्री सूटच पाहिजे का? धोतर काऊन नाही?

संत्रावाला, मोर्शी तालुका
मंडळी, एक विषय डोक्यात घोळून राह्यला, तो इथे मांडतो. पोरगा सिंगापूरले नोकरीवर हाय. संत्र्याच्या आंबिया बहाराचा माल गेला का तुम्ही दोघं या म्हणे, अन् तिथून चार रात्रीच्या क्रूझचं बुकिंग बी करून टाकलं त्यानं. परवा व्हॉट्सअॅपवर सामानाची यादी पाठवली. त्यात लिहिलं का एक रात्र फॉर्मल असते, बाबासाठी काळा सूट, टाय, काळे बूट, आईसाठी गाऊन नाहीतर पार्टीवेअर. सूट अमरावतीले शिवून घ्या नाहीतर भाड्यानं आणा म्हणे.

माहं म्हणणं असं हाय का माह्या पेटीत बारीक काठाचं सुती धोतर हाय, सिल्कचा कुडता हाय, वरून घालाले काळी बंडी हाय. पोरीच्या लग्नात हेच घालून मी मांडवाच्या दारात उभा होतो, व्याह्याची गळाभेट ह्याच कपड्यात घेतली. बायकोजवळ मोहाडीची करवती काठाची टसर साडी हाय, माह्या आईनं तिले देलेली. माह्या आयुष्यात ह्याच्यावर फॉर्मल असं काही नाही. गांधीजी १९३१ ले गोलमेज परिषदेले गेले तवा बकिंगहॅम पॅलेसात राजाकडं चहाले पंचा अन् शाल घालूनच गेले. त्याईची कुटी आमच्या बाजूच्याच जिल्ह्यात, सेवाग्रामले. राजवाड्यात जे चाललं ते जहाजाच्या जेवणाच्या हॉलात काऊन चालू नाही? मी सूट घालणार नाही असं ठरवलं. तुमाले काय वाटते ते मोकळेपणानं सांगा.

आर्वीकर
काका, राग मानू नका पण मी तुमच्या विरुद्ध बोलणार. मी दोन वर्षांपूर्वी बायकोसोबत अशाच ट्रिपला गेलो होतो. ती एक रात्र लोक खास नटण्यासाठीच राखून ठेवतात, संध्याकाळी सहा वाजल्यापासून जिन्यावर, लिफ्टसमोर सगळीकडे फोटोवाले पडदे लावून उभे असतात, कॅप्टन पांढऱ्या ड्रेसमध्ये खाली येऊन लोकांना भेटतो, आणि सत्तर सत्तर वर्षांची जोडपी एकमेकांचा हात धरून हळूहळू जिना उतरताना पाहिली की आपल्याला पण छान वाटतं. त्या रात्रीची जी रीत आहे ती पाळणं म्हणजे गुलामी नाही. आपल्या पंगतीत पाहुणा चपला घालून पाटावर बसला तर आपल्याला चालेल का? मग आपण दुसऱ्याच्या पंगतीत गेलो तर त्याची रीत पाळावी.

गांधीजींचं म्हणाल तर ते देशातल्या गरिबाचे प्रतिनिधी म्हणून गेले होते, त्यांचा तो पंचा म्हणजे त्यांचं म्हणणं होतं. तुम्ही सुट्टीला चालले. आणि तेच गांधीजी १८८८ मध्ये शिकायला विलायतेला गेले तेव्हाचा किस्सा त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. जहाजावर काळा सूट घातला आणि पांढरे फ्लॅनेलचे कपडे उतरताना घालायचे म्हणून जपून ठेवले. साउदॅम्प्टनला उतरले सप्टेंबरच्या शेवटी, आणि पाहतात तर अख्ख्या गर्दीत पांढऱ्या कपड्यात ते एकटेच. जागा न पाहता कपडे घातले की माणूस असा अवघडतो, हेच मला सांगायचं आहे.

वणीवाला
आर्वीकर भाऊ, तुमचा किस्सा तुमच्याच विरुद्ध जाते. गांधीजी अवघडले ते इंग्रजी कपड्यात ना? धोतरात नाही अवघडले. दुसऱ्याचा पोशाख घालाले गेलं का त्याचे बारीक नियम आपल्याले माहीत नसतात, कोणत्या महिन्यात कोणता रंग, कोणत्या बुटावर कोणता मोजा, अन् तिथंच माणूस फसते. त्याच प्रवासात काट्याचमच्याची सवय नाही म्हणून ते टेबलावर जेवाले जात नव्हते, घरून नेलेला गोड खाऊ अन् फळं केबिनमध्येच खात. एवढ्या संकोचात प्रवास काढला अठरा वर्षाच्या पोरानं. काकानं साठीनंतर तोच संकोच काऊन विकत घ्यावा?

अन् हे फॉर्मल फॉर्मल म्हणता ते बी बदलतच आलं. टक्सिडो, म्हणजे तो आखूड काळा डिनर कोट, हे नाव पडलं न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्कच्या क्लबावरून, १८८६ च्या आसपास. त्या काळी खरा फॉर्मल म्हणजे मागून लांब शेपटाचा कोट, अन् हा आखूड कोट म्हणजे घरगुती आरामाचा. आज जहाजावर तोच फॉर्मल झाला. मग आपलं धोतर तेवढं कायम खालीच ठेवाचं, हा कुठला न्याय?

२०१४ ची गोष्ट तर सगळ्याले माहीत हाय. चेन्नईच्या एका क्लबात हायकोर्टाच्या जजलेच वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसली म्हणून आत जाऊ देलं नाही. पुढच्याच महिन्यात तामिळनाडूनं कायदा केला का क्लबात, हॉटेलात असं अडवता येणार नाही, अडवलं तर परवाना जाते अन् दंड बी होते. आपल्याकडं धोतरासाठी असं कोणी भांडलं का?

आर्वीकर
तो कायदा तामिळनाडूतल्या जागांसाठी आहे. समुद्रातल्या जहाजावर ज्या देशाचा झेंडा त्या देशाचा कायदा, आणि बरीच जहाजं बहामाज नाहीतर पनामाच्या झेंड्याखाली चालतात. तिथे जाऊन कोणाला कायदा दाखवणार? आणि इथे काकांना कोणी अडवलेलंच नाही अजून. पोरगा प्रेमाने म्हणतो आहे, बाबा असे या.

जहाजावरचा पोट्टा, गाव लाखनीजवळ
मी बोलतो, कारण माझं कामच ते आहे. सहा वर्षं झाली, जेवणाच्या हॉलमध्ये असिस्टंट वेटर आहे, सध्या सुट्टीवर गावी धानाच्या कापणीला आलो. कंपनीचं नाव सांगता येत नाही.

दारावर आम्ही ज्यांना परत पाठवतो ते म्हणजे हाफपँट, बिनबाह्यांचं बनियन, पोहण्याचे कपडे, आंघोळीचा गाऊन, रबरी स्लीपर आणि डोक्यावर क्रिकेटची टोपी. परत पाठवतो म्हणजे हळू आवाजात सांगतो की सर, बदलून या, टेबल राखून ठेवतो. कुर्ता, शेरवानी, बंदगळा घातलेल्याला परत पाठवलेलं मी आजवर पाहिलं नाही. साडी नेसलेली बाई आली तर गोऱ्या बाया उठून काठाला हात लावून पाहतात. धोतरवाले मात्र कमीच येतात, मला आठवतात ते दोघं तिघं साऊथचे, जरीकाठाचं पांढरं नेसलेले, आणि त्यांना आमच्या मॅनेजरने स्वतः खुर्चीपर्यंत नेलं होतं.

सगळ्या कंपन्या सारख्या पण नाहीत. नॉर्वेजियनवाल्यांनी फॉर्मलची सक्तीच ठेवली नाही. क्युनार्ड एकदम कडक, फॉर्मल रात्री सहानंतर डिनर जॅकेट नाहीतर गडद सूट आणि टाय, पण त्यांच्या पण नियमात आपापल्या देशाचा फॉर्मल पोशाख चालतो, स्कॉटलंडचे म्हातारे गुडघ्यापर्यंतचा किल्ट, म्हणजे त्यांचा चौकड्यांचा घागरा, घालून बसतात. सिंगापूरहून निघणाऱ्या छोट्या ट्रिपला एवढं कडक नसतं. चार रात्रीत एक फॉर्मल, सात रात्रीत बहुतेक दोन. आणि ज्याला नटायचंच नाही त्याच्यासाठी वरच्या मजल्यावर बुफे चालू असतो.

काका, मला काळजी तुमच्या धोतराची नाही, पायाची आहे. चप्पल नका घालू. बंद बूट किंवा मोजडी घाला.

दर्यापूरची ताई
इतका वेळ वाचते आहे, सगळं पुरुषांच्या कोटावरच चाललं आहे. काकूंना कोणी विचारलं का त्यांना काय घालायचं आहे? कदाचित त्यांना गाऊनच घालून पाहायचा असेल.

साडी असेल तर माझ्या अनुभवावरून सांगते. इस्त्री जहाजावर नेऊ देत नाहीत, आगीच्या भीतीने बॅगेतून काढून घेतात आणि उतरताना परत देतात, मला हे माहीत नव्हतं, माझी सुती नागपुरी साडी चुरगळलेलीच नेसावी लागली आणि मी अख्खी संध्याकाळ पदराच्या सुरकुत्या हाताने दाबत बसले होते. टसर कमी चुरगळते. मऊ जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळी करून न्या, घडी घालू नका, घडीवर रेशीम मोडतं. पोचल्या पोचल्या हँगरला लावून बाथरूममध्ये टांगा, गरम पाणी सोडा, वाफेने अर्ध्या सुरकुत्या जातात. पदराला दोन पिना जास्त, कारण डेकचं दार उघडलं की असा वारा येतो की पदर सरळ मागच्या माणसाच्या तोंडावर.

आणि करवती म्हणजे काही साधी साडी नाही हो. गडचिरोली भंडाऱ्याच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर आपली ढिवर माणसं टसर रेशमाचे किडे राखतात, पाखरांपासून जपत दिवसभर झाडाखाली उभी राहतात. मग मोहाडी, आंधळगावकडे कोष्टी विणतो, एकावेळी तीन धोटे चालवून, मधलं अंग टसरचं आणि दोन्ही काठ सुती, म्हणून काठाचा रंग अंगात उतरत नाही, आणि जोडावर करवतीच्या दातासारखे टोकदार दात येतात. भौगोलिक मानांकन आहे तिला. काकूंनी ती टेबलाच्या दिव्याखाली नेसून बसावं, असं मला फार वाटतं. पण त्यांच्या मनात असेल तर.

पुसदकर
माझ्या वडिलांना मी सूट घालायला लावला होता. जहाजावर नाही, मुंबईला कंपनीच्या कार्यक्रमात, मला बक्षीस होतं. सूट भाड्याचा, बाही बोटांच्या पेरापर्यंत, कॉलर गळ्याला काचत होती. ते जेवले नाहीत. एक हात सारखा टायच्या गाठीवर. भात घ्या म्हटलं तर म्हणाले सांडन बापू, कपडा दुसऱ्याचा आहे. त्या दिवशीचा फोटो आमच्याकडे आहे, पण वडील गेल्यावर भिंतीला लावायला फोटो शोधत होतो तेव्हा तो एकालाही नको वाटला, त्यात आमचे वडीलच दिसत नाहीत. बैलपोळ्याचा, सदरा आणि पांढरी टोपीवाला लावला. संत्रावाले काका, तुम्ही धोतरातच जा.

ब्रह्मपुरीची लेक
पुसदकर दादा, वाचून डोळे भरले, पण माझं उलटं आहे आणि ते पण खरं आहे. माझ्या बाबांनी वयाच्या चौसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा सूट शिवला, भाड्याचा नाही, मापाचा, भावाच्या लग्नात. टेलरकडे तीनदा ट्रायलला गेले. आरशासमोर बटण लावून उघडून पाहत होते आणि म्हणाले, शाळेत असताना इन्स्पेक्टर साहेब असा कोट घालून येत, मला तेव्हापासून पाहिजे होता. पन्नास वर्षं मनात ठेवलं, आम्हाला एका शब्दाने सांगितलं नाही. म्हणून म्हणते, गावच्या म्हाताऱ्याने धोतरातच शोभून दिसावं हा हट्ट पण कधी कधी आपलाच असतो. त्यांना पाहिजे असेल तर कोट त्यांचा पण आहे, बाबासाहेबांनी तर तो घालून दाखवला आणि आमच्या घरात त्या कोटाची किंमत वेगळी आहे. काका, तुम्हाला नको असेल तर नको, पण तो दुसऱ्याचा पोशाख आहे हे वणीवाल्या दादांचं म्हणणं मला पटलं नाही.

वणीवाला
ताई, तुमचं हे मी मनावर घेतलं. बाबासाहेबांच्या कोटाचा विचार माह्या डोक्यात आलाच नव्हता. त्या कोटानं ज्याले उभं केलं त्यानं तो घालावाच. माहं भांडण सक्तीशी हाय, एवढंच आता म्हणतो.

संत्रावाला, मोर्शी तालुका
सगळ्याईचं दोनदा वाचलं. बायकोले बी वाचून दाखवलं.

काल रात्री पोराले फोन केला. विचारलं का बापा, खरं सांग, धोतराची तुले लाज वाटते का. बराच वेळ बोललाच नाही. मंग म्हणे, बाबा लाज नाही, पण तिथं दोन माणसं जरी तुमच्याकडं पाहून हसले तर मले सहन होणार नाही, म्हणून सूट लिहिला होता. त्याच्या मनात हे होतं हे मले माहीत नव्हतं. मी म्हणलं, हसले तर मी पाहून घेतो, तू माह्या बाजूले बसून जेव फक्त. मंग लाखनीवाल्या पोट्ट्यानं लिहिलेलं त्याले वाचून दाखवलं, त्यानं बी कंपनीले मेल करून विचारलं, कंपनीचं उत्तर आलं का राष्ट्रीय पोशाख चालते.

आर्वीकरभाऊ, पंगतीची गोष्ट तुमची मले पटली, रीत पाळावी. म्हणून बंडी काढून टाकली. माह्या वडलाचा काळा बंद गळ्याचा कोट पेटीत हाय, धोतर, कोट अन् टोपी घालून ते चाळीस वर्षं शाळेत गेले, ते मास्तर होते. काढून पाह्यला, डांबरगोळीचा वास येते पण कापड शाबूत हाय, फक्त खांद्यात अर्धा इंच कमी पडते. मोर्शीचा टेलर म्हणते आतून शिलाई सोडता येते. धोतरावर तोच घालतो, पायात काळे बंद बूट.

आर्वीकर
काका, मी अजूनही सूटच म्हणेन, फोटोत सगळ्यांसोबत एकसारखं दिसण्याचा पण एक आनंद असतो. पण वडिलांचा कोट घालून चालले असाल तर टोपी बॅगेत ठेवू नका, डोक्यावर घालूनच जिना उतरा.

दर्यापूरची ताई
आणि काकू?

संत्रावाला, मोर्शी तालुका
ताई, तुम्ही विचारलं म्हणून मी बी विचारलं, आजपर्यंत विचारलं नव्हतं. गाऊन नाही म्हणे. करवतीच नेसते, पण तीस वर्षं नऊवारी नेसली तरी ही सहावारी नेसते, जिन्यावर पाय मोकळा राह्यला पाहिजे म्हणे. अन् पिना दोन नाही, चार लावते.

लाखनीच्या बापू, एकच सांग. धोतर तिथं प्रेस करून भेटते का, अन् सकाळी देलं तर संध्याकाळी सहाच्या आत हातात येते का?

जहाजावरचा पोट्टा, गाव लाखनीजवळ
काका, भेटते, पैसे वेगळे लागतात. पण त्या दिवशी सगळेच कपडे देतात, गर्दी होते. तुम्ही चढले त्याच दिवशी केबिनवाल्या पोराकडे देऊन टाका, आणि सांगा की निऱ्यांची घडी मोडू नको, नुसतं सपाट प्रेस कर. त्याला धोतर माहीत नसणार, उलगडून दाखवा.