फ्रँकफर्ट आणि न्यू जर्सी एकाच फेरीत: रोजच्या व्यवहारात काय काय वेगळं?

चाटीगल्ली विचारतात:

मंडळी, नमस्कार. आमच्या टॉवेल कारखान्यातले दोघे जानेवारीत हाइमटेक्स्टील या घरगुती कापडाच्या व्यापारी प्रदर्शनासाठी फ्रँकफर्टला चाललेत. तिथून परस्पर न्यू जर्सीला, खरेदीदारांच्या भेटीला. दोघेही पहिल्यांदाच देशाबाहेर निघालेत. व्हिसा, तिकिटं, विमा सगळं झालंय. प्रश्न रोजच्या वागण्याचा आहे. हॉटेल, खानावळ, दुकान, रस्ता यांत युरोपात चालतं ते अमेरिकेत चालत नाही आणि उलटंही, असं ऐकतो. नेमकं कुठे अडतं? एकजण शुद्ध शाकाहारी आहे. शेंगा चटणी आणि कडक भाकरी बरोबर जाणारच, त्याचंही सांगा.

सातरस्ता:

मालक, सगळ्यात आधी पैशाचं समजून घ्या, कारण दिवसातून दहा वेळा गाठ त्याच्याशीच पडते. अमेरिकेत पाटीवर लिहिलेली रक्कम सहसा शेवटची नसते. जर्मनीत ती शेवटची असते, पण आपण फुकट धरून चालतो त्या पाणी, संडास अशा गोष्टींना तिथे वेगळे पैसे पडतात.

न्यू जर्सीत विक्रीकर ६.६२५ टक्के आहे आणि तो काउंटरवर वर चढतो (बहुतेक कपड्यांवर तिथे कर नाही). पलीकडे न्यूयॉर्क शहरात तोच ८.८७५ टक्के. बसून जेवलात तर त्यावर टिप. ४० डॉलरचं जेवण धरा: कर २.६५, वीस टक्के टिप ८, म्हणजे ५०.६५ झाले. मेन्यूकार्ड बघतानाच मनात सव्वापट करा. ही टिप खुशीची नसते. केंद्राच्या कायद्यात टिप मिळणाऱ्या कामगाराचं मालकाने द्यायचं किमान वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवर अडकलंय. काही राज्यांनी ते वाढवलंय, तरी वेटरचं घर टिपवरच चालतं. १८ ते २० टक्के द्यायचेच. मोठ्या घोळक्याच्या बिलात ती कधी आधीच धरलेली असते, म्हणून बिल वाचून मग आकडा टाका. काउंटरवरून नुसती कॉफी उचलली आणि पडद्यावर १८, २०, २५ असे आकडे आले, तर 'नो टिप' दाबायला हरकत नाही.

कार्डाची रीतही वेगळी. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी वेटर कार्ड आत घेऊन जातो आणि दोन पावत्या आणतो. एकीवर टिप आणि एकूण अशा दोन रिकाम्या ओळी असतात. त्या भरायच्या, सही करायची, ती पावती टेबलावर ठेवून उठायचं. बँकेचा पहिला मेसेज टिपशिवायचा येतो आणि नंतर खात्यातून जास्त रक्कम जाते. ती फसवणूक समजून बँकेला फोन करत बसू नका.

जर्मनीत वेटर मशीन घेऊन टेबलाशी येतो. टिप पाच ते दहा टक्के, आणि ती पैसे देतानाच तोंडी सांगायची. बिल २७.४० युरो झालं असेल तर कार्ड लावायच्या आधी "तीस" म्हणायचं. टेबलावर नाणी ठेवून निघून जाण्याची पद्धत तिथे नाही. आणि बिल मागितल्याशिवाय येत नाही. जेवणाऱ्याला उठवल्यासारखं होऊ नये, हा त्यामागचा विचार. अमेरिकेत शेवटचा घास तोंडात असतानाच बिल समोर येतं. दोन्हीकडे त्यात अपमान नाही. छोट्या जर्मन खानावळी अजूनही फक्त रोख घेतात, म्हणून खिशात ५०-६० युरो असू द्या.

पाणी: अमेरिकेत बसल्या बसल्या बर्फ घातलेला नळाच्या पाण्याचा ग्लास येतो, फुकट. बर्फ नको असेल तर आधी सांगा. जर्मनीत नुसतं 'पाणी' म्हटलं की विकतची बाटली येते आणि बहुतेकदा बुडबुड्यांची. 'स्टिल' म्हणा. दुकानात बाटली घेतली तर पाटीवरच्या किमतीवर २५ सेंट अनामत लागते, ती रिकामी बाटली सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये टाकली की चिठ्ठीच्या रूपात परत मिळते. बाटली चेपू नका. मशीन तिचा आकार आणि लेबलवरची खूण वाचतं, चेपलेली बाटली परत ढकलतं. स्टेशनवरच्या संडासासाठी अर्ध्या ते एक युरोची नाणी जवळ ठेवा. अमेरिकेत संडास फुकट, पण दाराला खाली-वर आणि कडेला फटी असतात. पहिल्यांदा बघून दचकायला होतं.

भुईकोट:

विजेचं लिहितो. जर्मनीत आपल्यासारखाच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. मोबाइलचा बारीक दोन पिनांचा चार्जर थेट बसतो, जाड तीन पिनांचा बसत नाही. अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ आणि चपट्या पिना. चार्जरवर '१००-२४०' छापलेलं असेल तर फक्त पिन बदलणारा अडॅप्टर पुरतो. घरची पाण्याची किटली मात्र नेऊ नका. व्होल्टेज निम्म्यावर आलं की तापवण्याची ताकद जेमतेम पाव राहते, कपभर पाण्याला चौपट वेळ लागतो. उलट तिथला १२० व्होल्टचा मिक्सर सोलापुरात लावलात तर जळेल.

लिफ्टमध्ये जर्मनीत आपल्यासारखंच, तळमजला म्हणजे शून्य किंवा 'ई'. अमेरिकेत तळमजलाच पहिला, म्हणून 'तिसऱ्या मजल्यावर भेटू' म्हणणारा आपल्या हिशेबाने दुसऱ्यावर असतो. बाहेर पडायच्या मजल्याच्या बटणाशेजारी चांदणी असते, ती शोधा.

ऑर्डरच्या कागदावर मात्र डोळ्यांत तेल घाला. ०३/०४ ही तारीख अमेरिकेत ४ मार्च, जर्मनीत ०३.०४. म्हणजे ३ एप्रिल. माल पाठवायची तारीख महिन्याचं नाव लिहूनच पक्की करा. जर्मन लोक दशांशाला स्वल्पविराम देतात आणि हजाराला टिंब, म्हणजे १.२५० नग म्हणजे साडेबाराशे नग. कागदही निराळा: युरोपात ए-फोर, अमेरिकेत २१६ × २७९ मिलिमीटरचा लेटर. ए-फोरचं कोटेशन तिथल्या प्रिंटरवर खालून कापलं जाऊ शकतं.

रविवारी जर्मनीत दुकानं बंद. स्टेशन, विमानतळ, पेट्रोल पंपांवरची तेवढी उघडी. शनिवारी संध्याकाळीच दही-फळं आणून ठेवा. पायी चालताना लाल दिवा असेल तर रस्ता रिकामा असला तरी थांबायचं, दंड पाच युरोच आहे पण लोक नाराज होतात, शेजारी लहान मूल असेल तर जास्तच. फुटपाथवरचा सायकलचा पट्टा मोकळा सोडा. फ्रँकफर्टच्या लोकलला फाटक नाही म्हणून तिकीट लागत नाही असं समजू नका. साध्या कपड्यातला तपासनीस येतो आणि ६० युरो लावतो. प्रदर्शनाला जायला एस-३ ते एस-६ या गाड्या 'मेसे' स्टेशनवर थांबतात.

न्यू जर्सीत गाडी भाड्याने घेणार असाल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, वर्षभर चालतो. लाल दिव्यावर पूर्ण थांबून उजवीकडे वळता येतं, पण न्यूयॉर्क शहरात शिरलात की पाटी नसेल तर नाही. पिवळी स्कूलबस लाल दिवे लुकलुकवत उभी राहिली की मागच्या आणि समोरच्या दोन्ही बाजूंनी थांबायचं. आणि न्यू जर्सीत पेट्रोल स्वतः भरायला कायद्याने बंदी आहे. गाडीतच बसा, पंपावरचा माणूस भरतो.

डॉबीबॉर्डर:

आपल्या धंद्याची माणसं चाललीत, तर त्यांनी हॉटेलची न्हाणी नीट बघावी. दोन्ही बाजारांतला सगळा फरक तिथे टांगलेला असतो.

अमेरिकेत तीन नगांचा संच: २७ × ५४ इंचांच्या आसपासचा बाथ टॉवेल, १६ × २८ च्या आसपासचा हँड टॉवेल आणि १२-१३ इंचांचा चौकोनी वॉशक्लॉथ. साबण लावून अंग घासायला तो चौकोन लागतो, त्याच्याशिवाय संच पुरा होत नाही. जर्मनीत ५० × १०० सेंटिमीटर बेसिनपाशी, ७० × १४० आंघोळीला, ३० × ५० पाहुण्यांना, आणि चौकोनाच्या जागी १६ × २१ ची हातात घालायची पिशवी. जर्मन टॉवेल उलटून बघा: काठाला शिवलेली नाडीची कडी असते, कारण तो खुंटीला अडकवतात. अमेरिकेत दांडीवर तिहेरी घडी घालून टाकतात, म्हणून कडी नको असते आणि डॉबीची (विणतानाच काढलेल्या नक्षीची) पट्टी समोर दिसेल अशी हवी असते. जर्मन खरेदीदाराला कडीशिवायचा नमुना दाखवलात तर पहिला प्रश्न तोच येईल.

वजनाची भाषाही निराळी. युरोपात जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम), अमेरिकन हॉटेलच्या मालात डझनाला पाउंड. २७ × ५४ इंच, १४ पाउंड डझन म्हणजे एक टॉवेल ५२९ ग्रॅमचा, क्षेत्रफळ ०.९४ चौरस मीटर, म्हणजे साधारण ५६० जीएसएम. हा हिशेब तोंडपाठ असू द्या.

वाळवण्याचंही तसंच. अमेरिकेत जवळपास घरोघरी ड्रायर असतो, म्हणून तक्रार येते ती आटण्याची आणि लिंट (सुताचे बारीक तंतू) निघण्याची. जर्मनीत बरीच घरं स्टँडवर वाळत घालतात, तिथे तक्रार येते टॉवेल कडक झाल्याची. नमुना धुऊन दाखवताना अमेरिकेसाठी ड्रायरमध्ये, जर्मनीसाठी दोरीवर वाळवून दाखवा.

पलंगावर: अमेरिकेत रजईखाली एक सपाट चादर गादीत खोचलेली असते, तिच्या आणि खालच्या चादरीच्या मध्ये शिरायचं. जर्मनीत ती वरची चादर नसतेच, रजईचा अभ्राच अंगाला लागतो. डबल बेडवरही १३५ × २०० च्या दोन वेगळ्या रजया आणि ८० × ८० च्या चौकोनी उशा. कोणी चादर घालायला विसरलं असं समजून रिसेप्शनला फोन करू नका.

दोन्हीकडे बादली-मग नाही, जेट नाही. रिकामी बाटली जवळ ठेवा. टबाबाहेरच्या फरशीला बहुतेकदा मोरी नसते, म्हणून पडदा टबाच्या आत सोडूनच नळ उघडा, नाहीतर पाणी खोलीत येतं.

हुरडापार्टी:

खाण्याचं. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, खवा, तूप घरी ठेवा. ताजी मिरची, कढीपत्ता यांनाही वनस्पती आरोग्य दाखला लागतो. कडक भाकरी आणि शेंगा चटणी यांत तसं काही नाही, बिनधास्त न्या. भाकरीला तूप लावलेलं नसावं, एवढंच बघा. अमेरिकेत उतरल्यावर 'खाण्याचे पदार्थ आहेत का' या प्रश्नाला 'हो' म्हणायचं आणि दाखवायचं. दाखवल्यावर फार तर काढून घेतील. लपवलं तर पहिल्याच वेळी दंड बसू शकतो. अमेरिकेच्या विमानात हातातल्या बॅगेत ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पूड असली की जादा तपासणी होते, म्हणून चटणी चेक-इनच्या बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून. प्रदर्शनाच्या स्टॉलवर किंवा विमानात ती उघडू नका. शेंगदाण्याची ॲलर्जी तिकडे जिवावर बेतू शकते, लोक ते फार गांभीर्याने घेतात.

शाकाहारी माणसाने दोन्हीकडे अंडं शाकाहारात धरलं जातं हे ध्यानात ठेवावं. नको असेल तर वेगळं सांगावं. अमेरिकेत भाजीच्या सूपमध्येही चिकनचं पाणी असू शकतं, मेक्सिकन राजम्यात डुकराची चरबी. 'ब्रॉथ कसला?' हे विचारायचंच. युरोपात पार्मिजानो चीज नेहमी वासराच्या रेनेटचं (दूध घट्ट करायला वापरतात त्या, वासराच्या पोटातून काढलेल्या विरजणाचं) असतं. 'व्हेगन' मागितलं की दोन्हीकडे खात्री जास्त, पण दही-लोणी जातं. न्यू जर्सीत एडिसनचा ओक ट्री रोड गाठला की डाळ-भाताची चिंता मिटते. अमेरिकेत एका थाळीत दोघांचं होतं, उरलेलं डब्यात मागून घेणं अगदी रीतीचं. जर्मनीत स्वयंपाकघर नऊ-साडेनऊला बंद होऊ शकतं, उशिरा जाऊ नका.

चाटीगल्ली:

सगळ्यांचे मनापासून आभार, प्रिंट काढून दोघांच्या हातात देतो. एकच राहिलं: जर्मनीत घेतलेल्या वस्तूंवरचा कर परत मिळतो म्हणतात, तो कसा?

सातरस्ता:

एका दुकानात ५० युरोच्या वर खरेदी झाली की तिथेच पासपोर्ट दाखवून फॉर्म भरून घ्या. माल न वापरता ठेवा. फ्रँकफर्टला चेक-इन काउंटरवर 'बॅगेत कर परताव्याचा माल आहे' असं आधी सांगा. टॅग लावून बॅग परत देतात. ती कस्टमला न्यायची, माल आणि पावती दाखवायची, शिक्का घ्यायचा आणि बॅग तिथेच सोडायची. बॅग आधीच पट्ट्यावर गेली तर दाखवायला माल नाही, मग शिक्का नाही आणि पैसेही नाहीत. या सगळ्याला तासभर जादा धरून निघा. न्यू जर्सीत असा परतावा मिळत नाही, त्यामुळे महागडी वस्तू दोन्हीकडे मिळत असेल तर हिशेब करूनच घ्या.